न उठलेला वळ

आमच्या साताऱ्याच्या घरात संध्याकाळी सात ते रात्री दहा या वेळेत टीव्ही माझ्या आईच्या मालकीचा असतो. तिने ऐंशी ओलांडली आहे, गुडघ्यांमुळे बाहेर जाणे थांबले आहे, आणि भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसून, पाय पाटावर ठेवून ती ओळीने पाच मालिका पाहते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी तिच्याजवळ वर्तमानपत्र चाळत बसलो होतो आणि पडद्यावर एका सासूने सुनेच्या थोबाडीत मारली. ती एकच थप्पड तीन बाजूंनी, तीन वेळा, वेग कमी करून दाखवण्यात आली. प्रत्येक वेळी वीज कडाडल्यासारखा आवाज झाला. मग घरातल्या झाडून सगळ्या माणसांचे चेहरे एकेक करून जवळून दाखवले गेले, त्यांत भाजी निवडत असलेल्या मोलकरणीचाही चेहरा होता. आणि जाहिराती सुरू झाल्या. जाहिराती संपल्या तेव्हा तीच सून देवघरासमोर हात जोडून उभी होती. आई खुर्चीत पुढे वाकून तिच्याकडे निरखून पाहत होती. मग म्हणाली, "अरे, एवढी मारली आणि हिच्या गालावर वळ कसा नाही उठला?"

मी हसलो. मालिकांमधल्या अशा चुका हुडकून काढणे हा आमच्या घरातला जुना खेळ आहे. रात्री झोपतानाही गळ्यात असलेले हार आणि अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या डोळ्यांतले न विस्कटलेले काजळ यांवर आम्ही पुष्कळ हसलो आहोत. पण त्या रात्री आई हसली नाही. तिने स्वतःच्या डाव्या गालावर बोटे ठेवली आणि सांगितले, की १९६३ साली, लग्नाला चार महिने झाले असताना, चुलीवरचे दूध उतू गेले म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या आजीने, तिला अशीच एक मारली होती. कोरेगाव तालुक्यातल्या त्या घरात ती तेव्हा १९ वर्षांची होती. चार बोटांचे वळ तीन दिवस राहिले. तीन दिवस ती गालावरून पदर ओढून आडावर पाण्याला गेली आणि आडावरच्या एकाही बाईने तिला काही विचारले नाही. "विचारतील कशाला," ती म्हणाली, "समद्यांना ठावं होतं." माझ्या ५८ वर्षांच्या आयुष्यात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. ज्या आजीच्या मांडीवर बसून मी दूधभात खाल्ला, तिचा हात त्या रात्री मला निराळा आठवला.

करमणुकीच्या माध्यमांची नैतिक पातळी घसरली आहे, हे वाक्य मी शाळेत शिक्षक असताना शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्तांच्या घोळक्यात इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता कानांवरून नुसते वाहून जाते. ते बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा अपुरे कपडे, शिव्या आणि शयनगृहातली दृश्ये असतात. या गोष्टींनी संकोच वाटतो, हे मलाही मान्य आहे; लेकीसुनांबरोबर बसून काही गोष्टी पाहवत नाहीत. पण आईच्या त्या प्रश्नानंतर मला असे वाटू लागले आहे, की आपण चुकीच्या ठिकाणी बोट ठेवत आलो. पडद्यावर वाईट माणूस दाखवला म्हणून पातळी घसरत नाही. त्याने मारल्यावर समोरच्याला लागत नाही, तिथे ती घसरते. अंगभर नेसलेल्या, कपाळभर कुंकू लावलेल्या, एकही अपशब्द न उच्चारणाऱ्या त्या सासूच्या दृश्यात कुठल्याही परंपरागत मापाने आक्षेपार्ह काही नव्हते. तिथे फक्त वळ नव्हता.

तो का नव्हता, याचे उत्तर रंगभूषाकाराच्या हलगर्जीपणात शोधून भागणार नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे मालिका आठवड्यातून एकदा येत आणि साधारणपणे तेरा भागांच्या हिशेबाने आखल्या जात. तेरा भागांत गोष्ट सुरू होई, वळण घेई आणि संपे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खासगी मराठी वाहिन्या आल्या, रोजच्या मालिका रुळल्या, आणि आज आठवड्याला सहा भाग हा सर्वसाधारण शिरस्ता आहे. तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवू नयेत, असा नियम आहे. त्यामुळे अर्ध्या तासाच्या भागात गोष्टीला साधारण २२ मिनिटे मिळतात असे धरले, तरी वर्षाला तीनशेहून अधिक भाग आणि शंभराहून अधिक तास होतात. अडीच तासांच्या नाटकात खलनायकाला शेवटच्या अंकात शिक्षा देता येते. शंभर तास चालणाऱ्या आणि अजून किती चालणार हे कोणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टीत ती देता येत नाही, कारण तो गेला की गोष्ट गेली. त्याने रोज काहीतरी करायलाच हवे, आणि ज्यांच्यावर ते केले जाते त्यांनी उद्याच्या भागासाठी धडधाकट उरायलाच हवे. विष घातलेले दूध सांडते, ढकललेली सून गालिच्यावर पडते, जळालेल्या स्वयंपाकघराला दोन दिवसांत नवा रंग लागतो. "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे" या म्हणीत सत्ता पालटण्याचे एक आश्वासन आहे. त्याच म्हणीचे नाव घेतलेली मालिका २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ चालली आणि तिचे ३,००० हून अधिक भाग झाले. त्या मालिकेवर हा आक्षेप नाही, पण म्हणीतले चार दिवस दूरचित्रवाणीवर किती लांबतात याचा तो हिशेब आहे.

रोज मरे त्याला कोण रडे, असे आपल्याकडे म्हणतात. रोजच्या मालिकेने दुष्टपणाचे नेमके तेच केले. तो स्वयंपाकातल्या मिठासारखा रोजचा झाला आणि त्याची चव लागेनाशी झाल्यावर लेखक चिमटीऐवजी मूठ घालू लागले. मी लेखकांना फार दोष देत नाही. दर गुरुवारी आधीच्या आठवड्याचे प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि त्या आकड्यांवर कथेचा 'ट्रॅक' बदलतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि चित्रीकरण कधी कधी प्रक्षेपणाच्या आदल्या दिवसापर्यंत चाललेले. अशा कारखान्यात गालावर वळ काढायचा, तर पुढचे तीन दिवस तो प्रत्येक दृश्यात लक्षात ठेवावा लागतो, आणि त्याहून अवघड म्हणजे घरातल्या इतर पात्रांना तो दिसावा लागतो. दिसला तर त्यांना काहीतरी बोलावे लागेल, निदान आडावरच्या बायांसारखे जाणूनबुजून गप्प तरी राहावे लागेल. गोष्ट मग खरी होऊ लागेल, आणि रोज खरी गोष्ट सांगणे कोणत्याही वाहिनीला परवडणारे नाही.

जुने ते सगळे सोने होते, असे मात्र मी म्हणणार नाही. १९९१ साली 'माहेरची साडी' लागला तेव्हा आमच्या भागातून बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तो पाहायला गेल्या होत्या. आई गेली होती, शेजारच्या काकू गेल्या होत्या, आणि शिकलेले म्हणवणारे आम्ही तरुण शिक्षक त्यांच्या ओल्या पदरांची थट्टा करत होतो. सोसणाऱ्या बाईला देव्हाऱ्यात बसवणारा तो चित्रपट आजही मला आदर्श वाटत नाही. पण त्या काळोखात आई नेमकी कशासाठी रडली असेल, हे मला गेल्या पावसाळ्यापर्यंत माहीत नव्हते, आणि थट्टा करणाऱ्याने इतके तरी माहीत करून घ्यायला हवे होते. तीन तासांत त्या सोसण्याला शेवट होता आणि त्याची किंमत पडद्यावर दिसत होती, एवढा फरक मला आज जाणवतो.

वळ उठू देणाऱ्या कलाकृती आपल्याकडे झाल्या आहेत, आणि गंमत अशी, की नैतिकतेच्या नावाने आरडाओरड झाली ती त्यांच्याविरुद्धच. १९७२ साली 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आले तेव्हा नाट्य परिनिरीक्षण मंडळाने त्यात अनेक कापाकापी सुचवल्या, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना मुंबई उच्च न्यायालयात जाऊन प्रयोगाचा हक्क मिळवावा लागला. त्या नाटकात शिव्या आहेत, दारू आहे, पट्ट्याने मारणे आहे. पण तिथला मार प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत लागतो, आणि तो खाणारी बाई दुसऱ्या दिवशी नव्या साडीत हसत उभी राहत नाही. सभ्यतेची फूटपट्टी घेऊन बसले तर सखाराम नापास होतो आणि आमची रात्रीची कुंकवाची सासू पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते, यावरून ती फूटपट्टी कशी आहे ते कळावे. म्हणून घसरणीविरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाच्या मागे जायला मी तयार नाही. पडद्यावरच्या मुलीने जातीबाहेर लग्न केले किंवा नवऱ्याचे घर सोडले, की ज्यांची संस्कृती बुडते, तेही याच रांगेत उभे असतात आणि बहुधा त्यांचा आवाज मोठा असतो.

आणि प्रेक्षक पडद्यावरून काय उचलतो, हे ठामपणे सांगणे वाटते तितके सोपे नाही. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हमलोग' सुरू झाली ती मुळात प्रबोधनासाठी. मेक्सिकोत अशा मालिकांमधून समाजशिक्षण होते हे पाहून सरकारने तो प्रयोग हाती घेतला होता. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलत. त्या मालिकेतली भागवंती ही सोशिक आई दुबळेपणाचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी रचलेली होती. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले, की बऱ्याच जणांनी, त्यांत बायकाही आल्या, तिलाच आदर्श मानले होते. लेखकाने ज्या वागण्यापासून सावध करायचे ठरवले, तेच पाहणाऱ्याने कित्त्यासारखे गिरवायला घेतले. मग ज्या मालिकांना कसलेच सांगणे नाही, ज्यांच्या सुरुवातीला 'आम्ही अंधश्रद्धेचे किंवा हिंसेचे समर्थन करत नाही' अशी पाटी डोळ्याची पापणी लवेपर्यंत दिसून जाते, त्यांतून काय उचलले जात असेल?

याचे एक उत्तर मला घरातच मिळाले. माझी सहा वर्षांची नात सुट्टीत आली होती. दुपारी ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहून, एक भुवई उंचावून, स्वतःशीच बोलत होती, "आता बघच मी काय करते." मग तिने मान तीनदा झटक्याने वळवली आणि प्रत्येक झटक्याला तोंडाने ढँण असा आवाज काढला. पुढे भातुकलीतल्या पेल्यात तिने पावडर घातली आणि तो एका बाहुलीला पाजला. आई, म्हणजे तिची मोठी आजी, पोट धरून हसली, आणि मलाही हसू आवरेना, कारण नक्कल अव्वल होती. मी तिला विचारले, "मग बाहुलीच्या पोटात दुखलं का गं?" ती माझ्याकडे अडाण्याकडे पाहावे तशी पाहत म्हणाली, "नाही, ती उद्या परत येणारे."

तिच्या या उत्तराने मी अस्वस्थ झालो. लहान मुलांनी विष पाजण्याचे खेळ खेळू नयेत, असे मला वाटत नाही. आपल्या आज्यांनी सांगितलेल्या गोष्टींत म्हाताऱ्या चेटकिणी, सवती आणि डोक्यात खिळा ठोकून पक्षी केलेल्या राण्या काय कमी होत्या? पण त्या गोष्टींत खिळा निघेपर्यंत राणीला दुखत असे. चाळीसेक मुलांच्या वर्गाला मी एकतीस वर्षे शिकवले आहे. मुले भांडतात, मारतात, आणि मारल्यावर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून थबकतात. त्या थबकण्यावर शिक्षकाची अर्धी नोकरी चालते. ते थबकणे कुठून येते मला सांगता येणार नाही, पण कशाने बोथट होईल याची कल्पना येऊ लागली आहे.

मग प्रेक्षकाने करायचे काय? सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त वेळा दिले जाणारे उत्तर म्हणजे, "रिमोट तुमच्याच हातात आहे, आवडत नसेल तर बंद करा." मीही पुष्कळ वर्षे हेच सांगत असे. टीव्हीच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, हे मला उशिरा कळले. कोण काय पाहतो याची मोजदाद 'बार्क' ही संस्था निवडक घरांत मीटर बसवून करते. २०२० च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरे २१ कोटींच्या आसपास होती आणि मीटर बसवलेली घरे ४४ हजार. नंतर ती संख्या थोडी वाढली. म्हणजे जवळजवळ पावणेपाच हजार घरांमागे एक घर. संख्याशास्त्राच्या दृष्टीने यात काही गैर नाही, शितावरून भाताची परीक्षा करतात तसे ते आहे. पण आमच्या घरात मीटर नाही. मी रागाने टीव्ही बंद केला काय आणि आईने रात्री दहापर्यंत पाहिला काय, गुरुवारच्या आकड्यात त्याने तसूभरही फरक पडत नाही. आपण शीत नाही, नुसता भात आहोत. (त्या शितांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला लावल्याच्या आरोपावरून २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी काही वाहिन्यांच्या संदर्भात तपास सुरू केला होता, तेव्हा या मीटरची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली होती.)

बंद करण्याने माझ्या घरातली संध्याकाळ बदलते, हे खरेच. पण ती संध्याकाळ माझी नसून आईची आहे, आणि गुडघे गेलेल्या बाईच्या हातातून रिमोट काढून घेण्यात कसलीही नैतिकता नाही.

टीव्हीवर मोजला जातो तो लिहून पाठवलेला शब्द. 'हमलोग'च्या वेळी अशोक कुमार यांच्या नावाने चार लाखांहून अधिक पत्रे आली होती. आज तितकी पोस्टकार्डे कोणी लिहिणार नाही, पण आज पत्राला कायद्याचा जो आधार आहे तो तेव्हा नव्हता. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा १९९५ चा आहे, आणि त्याच्या नियमांतला सहावा नियम म्हणजे कार्यक्रम संहिता. सुरुची आणि सभ्यतेला धक्का देणारे, स्त्रियांची किंवा मुलांची अवहेलना करणारे, अंधश्रद्धेला खतपाणी घालणारे काही दाखवू नये, आणि मुलांना अयोग्य असे कार्यक्रम ती जास्तीत जास्त संख्येने पाहत असतील अशा वेळी ठेवू नयेत, असे तो सांगतो. १७ जून २०२१ च्या दुरुस्तीने तक्रारीच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी वाहिनी स्वतः; तिने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वयंनियमन मंडळाकडे जायचे. मनोरंजन वाहिन्यांसाठी 'बीसीसीसी' हे मंडळ २०११ सालापासून काम करते. त्याच्या अध्यक्षपदी निवृत्त न्यायमूर्ती असतात आणि पहिले अध्यक्ष ए. पी. शहा होते. मंडळाने ६० दिवसांत निकाल द्यायचा, आणि तिसरी पायरी केंद्र सरकारच्या समितीची. मालिका चालू असताना पडद्याच्या तळाशी जी बारीक पट्टी सरकत जाते आणि जी वाचण्याआधीच संपते, तिच्यात हाच पत्ता असतो.

मी एकदा त्या वाटेने गेलो आहे, आणि माझी ती कथा फारशी गौरवाची नाही. रात्री आठच्या एका मालिकेत जाऊ गरोदर जावेच्या दुधात गर्भपाताच्या गोळ्या कुस्करते, पेल्यांची अदलाबदल होते, आणि कोणत्या पेल्यात काय आहे याचा गोंधळ सलग दोन भाग गमतीदार संगीतावर चालवला जातो, असे ते दृश्य होते. मी तारीख, वेळ आणि नियमाचा क्रमांक घालून वाहिनीला पत्र पाठवले. संस्कृतीबद्दल त्यात एकही वाक्य नव्हते, याचा मला अजूनही अभिमान आहे. एका गंभीर गुन्ह्याची गंमत करून ती मुलांच्या वेळेत दाखवली, एवढेच मी म्हटले होते. पोच दुसऱ्या दिवशी आली आणि उत्तर तेराव्या दिवशी, अत्यंत नम्र. ते पात्र नकारात्मक असून आगामी भागांत तिला आपल्या कृत्याची फळे भोगावी लागतील, तरी कृपया मालिका पाहत राहावे. मी खरेच पाहत राहिलो. दीड वर्षाने ती तुरुंगात गेली, आणि अकरा भागांनी त्याच नथीसह परतली.

ते उत्तर आले तेव्हा पुढच्या पायरीवर जायला मला १५ दिवस होते. त्यांतले पहिले दहा मी सर्वांना ते उत्तर वाचून दाखवून हशे मिळवण्यात घालवले, आणि उरलेले पाच एका लग्नात गेले. वाहिनीने तिची मुदत पाळली होती. मुदत मीच चुकवली.

फोनवरच्या जगात हिशेब नेमका उलटा आहे. तिथे प्रत्येक घर शीत आहे. किती सेकंद थांबलो, कुठे पुढे सरकवले, कोणाला पाठवले, हे सगळे नोंदले जाते आणि पुढच्या वेळी तेच वाढून समोर येते. तिथे बंद करणे हे खरेच मत देणे असते, आणि संतापून एखादी चित्रफीत पुढे ढकलणे हेही मतच असते, फक्त विरुद्ध बाजूचे. २०२५ च्या फेब्रुवारीत एका ऑनलाइन विनोदी कार्यक्रमातल्या अश्लाघ्य प्रश्नावरून देशभर गदारोळ उठला, गुन्हे नोंदले गेले. तो कार्यक्रम आमच्या कुटुंबाच्या गटात कोणीही कधी पाहिलेला नव्हता. पण निषेधाच्या मजकुरासह ते अर्धे मिनिट एका दिवसात तीन नातेवाइकांकडून तिथे आले, आणि त्यांत एकजण मी होतो. २०२१ च्या फेब्रुवारीत आलेल्या नियमांमुळे ओटीटीवर प्रत्येक कार्यक्रमाला वयोगट लावावा लागतो, सर्वांसाठी, सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील, आणि केवळ प्रौढांसाठी. तेरा वर्षांवरील आणि त्यापुढच्या गटांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोयही द्यावी लागते. माझ्या ओळखीत ते कुलूप लावलेले घर एकच आहे, आणि तिथे त्याचा सांकेतिक क्रमांक नातवाने आजोबांना लावून दिला.

प्रायोजकांना लिहिण्याचा मार्ग मला अधिक परिणामकारक वाटतो, जरी तो मी अजून वापरलेला नाही. मालिका वाहिनीची असली तरी पोळी पिकते ती साबण आणि मसाल्यांच्या जाहिरातींवर, आणि आपला मसाला कुठल्या थपडेच्या शेजारी दिसतो याची काळजी मसालेवाल्याला वाहिनीपेक्षा जास्त असणार.

पण या सगळ्याआधी काहीतरी घडते ते खुर्चीशेजारी बसण्यात, असे मला अलीकडे वाटते. मी आता वर्तमानपत्र बाजूला ठेवून आईबरोबर मालिका पाहतो. सुट्टीत नात असते तेव्हा तीही मध्ये बसते. आई बोलत राहते, पूर्वी मला त्याचा त्रास होई. सून जिन्यावरून पडली की आई सांगते, की आमची धाकटी आत्या माळ्यावरून पडली तेव्हा तिचा खुबा मोडला आणि ती सहा महिने उताणी होती. विहिरीत ढकलले की विहिरीत गेलेल्या एका खऱ्या बाईची गोष्ट निघते, तिचे नाव न घेता. जाहिराती लागल्या की नात विचारते, "मग पुढे काय झालं?" आणि तिचा प्रश्न मालिकेबद्दल नसतो.

परवा आठच्या मालिकेत पुन्हा थोबाडीत बसली, या वेळी नवऱ्याने मारली, भर हळदीकुंकवात. तीन बाजूंनी, तीन वेळा. मी कागद घेऊन वेळ लिहिली, आठ वाजून सतरा मिनिटे. "काय लिहितोस?" आईने विचारले. मी सांगितले. तिने थोडा वेळ पडद्याकडे पाहिले. मार खाल्लेली मुलगी वाण देत होती आणि तिचे दोन्ही गाल गुळगुळीत होते. "लिही," आई म्हणाली, "वळ तीन दिवस राहतो म्हणावं."

ते वाक्य मी तसेच, तिच्या नावाने, पत्रात घातले आहे. पोच काल आली. कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाच्या रकान्यात, पंधराव्या दिवसाभोवती मी लाल शाईने एक गोल केला आहे आणि त्याच्यापुढे पंधरा घरे मोजून दुसरा.